परतीचे पाणी

वाळवंटात गेलेला माणूस पाण्याला जपतो. त्याला ते कोणी शिकवावे लागत नाही. समोर वाळू, डोक्यावर ऊन आणि जवळपास झाड नाही, हे पाहूनच तो सावध होतो.

आपल्याकडे तसे नाही. ठाणे जिल्ह्यात नद्या आहेत, धरणे आहेत, जंगल आहे. पावसाळ्यात तर प्रत्येक डोंगरावरून पाणी धो धो वाहताना आपण पाहतो. म्हणून डोंगरावर जायचे ठरले की माणूस एक बाटली काखेत मारतो आणि निघतो. वर "लागलं तर वर मिळेल की!" असेही म्हणतो.

हे 'वर मिळेल' फार फसवे आहे. पावसाळा संपला की आपल्या डोंगरातही पाण्याचा थेंब थेंब मोजावा लागतो. तो कसा मोजावा, हे या पाठात पाहू.

आम्ही शहाडची दहा-बारा मंडळी दर हिवाळ्यात एक दिवस डोंगरावर जातो. कोणी कारखान्यात कामाला आहे, कोणी रिक्षा चालवतो. एक मावशी भाजी विकतात. आमच्यात मोठा गिर्यारोहक कोणी नाही. सुट्टीचा एक दिवस मोकळ्या हवेत घालवावा, एवढाच हेतू असतो. आमचा आवडता डोंगर म्हणजे माहुली. म्हणून माहुलीचेच उदाहरण घेऊ.

माहुली कोठे आहे?

शहाड स्टेशनावर पहाटेची आसनगाव किंवा कसारा गाडी पकडायची. आंबिवली, टिटवाळा, खडवली, वासिंद ही स्टेशने मागे पडतात. खडवलीला भातसा नदी दिसते. पुढे आसनगाव येते. तेथे उतरले की समोरच काळ्या कड्यांची एक लांब रांग दिसते. मध्येच सुळके उभे असतात. कोणाला वजीर म्हणतात, कोणाला नवरा-नवरी, कोणाला भटोबा. हाच माहुलीचा डोंगर.

स्टेशनापासून पायथ्याचे माहुली गाव साधारण पाच किलोमीटर आहे. तेथपर्यंत रिक्षा मिळते. गावाजवळ महादेवाचे देऊळ आहे. तेथून जंगलातली वाट सुरू होते.

माहुली हा एकटा किल्ला नाही. पळसगड, माहुली आणि भंडारगड असे तीन किल्ले एकाच डोंगरावर आहेत. सगळ्यांत उंच जागा समुद्रसपाटीपासून साडेआठशे मीटरांच्या वर आहे. पायथ्यापासून चढ धरला, तर इमारतीचे दोनशेहून जास्त मजले चढण्यासारखे आहे. रमतगमत चढायला तीन तास लागतात.

या गडाला मोठा इतिहास आहे. १६३६ साली शहाजीराजे येथे होते. निजामशाही वाचवण्याची त्यांची ती शेवटची धडपड होती. मोगल आणि विजापूरकर अशा दोन्ही फौजांनी गडाला वेढा घातला आणि अखेर गड सोडावा लागला. पुढे १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत माहुलीही होता. १६७० साली मोरोपंत पिंगळ्यांनी तो परत जिंकला.

गडावर दगडात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. पूर्वीचे लोक किल्ला बांधताना आधी पाणी पाहात. तट कितीही भक्कम असला तरी पाणी संपले की वेढ्यात किल्ला पडतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तही गडावरच्या पाण्याची काळजी कशी घ्यावी, हे बजावून सांगितले आहे. राजे आणि सरदार ज्या गोष्टीला इतके जपत, ती आपण एका बाटलीवर कशी सोडावी?

इतका पाऊस, मग डोंगर कोरडा का?

राजस्थानात जैसलमेरजवळ राष्ट्रीय मरु उद्यान आहे. मरु म्हणजे वाळवंट. तीन हजार चौरस किलोमीटरांहून मोठा हा मुलूख राखून ठेवला आहे. माळढोक हा दुर्मीळ पक्षी तेथे राहतो. तेथे वर्षाकाठी जेमतेम दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो.

आपल्या ठाणे जिल्ह्यात सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. म्हणजे बारा पट झाला. मग आपला डोंगर कोरडा कसा?

कारण असे. आपला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने आभाळ कोरडेच असते. बरे, पडलेले पाणी डोंगरावर थांबतही नाही. सह्याद्रीचा हा काळा दगड ज्वालामुखीच्या रसापासून झाला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो रस बाहेर आला, थरावर थर पसरला आणि थंड होऊन दगड झाला. हा दगड घट्ट आहे. पाणी त्यात सहज मुरत नाही. त्यात कडा उभा, माती थोडी. उलट्या पातेल्यावर पाणी ओतले तर काय होईल? तसेच होते. पाणी घरंगळते आणि थेट नदीला जाते.

शहापूर तालुक्यातच पाहा. येथे तानसा धरण आहे. ते १८९२ साली बांधून झाले. येथेच भातसा धरण आहे. मुंबईसारख्या अफाट शहराला या धरणांचे पाणी जाते. पण याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. 'धरण उशाला, कोरड घशाला' अशी म्हण आहे. ती येथे खरी ठरते.

म्हणून एक नियम आम्ही पहिल्यापासून ठेवला आहे. पाणी घरूनच न्यायचे. पायथ्याच्या गावात जाऊन हंडे रिकामे करायचे नाहीत. तेथली बाई ते पाणी कोठून आणते, हे आपल्याला ठाऊक नसते. गडावर टाकी आहेत, तळे आहे. पण ती कधी आटलेली असतात, कधी पाणी गढूळ असते. त्यांवर विसंबू नये.

जंगलातली झाडेसुद्धा हा हिशेब जाणतात. साग, पळस, काटेसावर ही झाडे पाऊस संपल्यावर हळूहळू पाने गाळतात. पानांतून पाणी हवेत उडून जाते ना, म्हणून पानेच टाकून देतात. निवडुंगाने तर पानांचा सोसच ठेवला नाही. हिरव्या खोडातच तो पाणी साठवतो. वाळवंटातली झाडे हेच करतात. फाल्गुनात माहुलीच्या वाटेवर पळस लालभडक फुलतो. फांदीला पान नसते. फूल पाहून आपण खूश होतो. पण ते झाड सांगत असते, 'पाणी सरत आले, बरे का.'

शहाडच्या माणसाला हे चटकन पटत नाही. आमचेही गाव उल्हास नदीच्या काठचे. येथे नदीचे पाणी उचलून भिवंडी, ठाणे, मीरा-भाईंदरपर्यंत नेतात. नळ सोडला की पाणी, अशी आपली सवय. डोंगरावर नळ नाही. तेथे ही सवय कामाची नाही.

अंगातले पाणी कोठे जाते?

आपले शरीर म्हणजे एक पेटती चूलच. काम केले, चढ चढला की ती जास्त पेटते. अंग तापते. मग घाम येतो. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. त्यामुळे अंग थंड राहते. माठातले पाणी गार होते, तेही असेच. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, वाळते आणि आतले पाणी गार करते.

आता वाळवंट आणि कोकण यांत फरक काय? वाळवंटातली हवा कोरडी असते. घाम आला की लगेच वाळतो. माणसाला वाटते, मला घाम येतच नाही. अंगातले पाणी केव्हा गेले, ते त्याला कळत नाही. आपल्याकडची हवा दमट. पावसाळ्यात चाळीच्या दोरीवर कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तसा दमट हवेत अंगावरचा घामही नीट वाळत नाही. तो नुसता गळतो. पाणी तर जाते, पण अंग थंड होत नाही.

म्हणून पाऱ्याचा आकडा पाहून फसू नये. राजस्थानात फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले. आपल्याकडे तेवढे होत नाही. तरी आपल्या दमट उन्हाने माणसे दगावतात. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे एका मोठ्या समारंभासाठी लाखो लोक उघड्या मैदानावर उन्हात बसले होते. ऊन बाधून चौदा जण दगावले. ते डोंगर चढत नव्हते. नुसते बसले होते. शिवाय तेथून खाडी जवळ, समुद्र जवळ. म्हणजे ऊन बाधायला वाळवंटच लागते, असे नाही.

उन्हात चढ चढणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो. हिवाळ्यात कमी जातो, उन्हाळ्यात जास्त. आता तुम्हीच सांगा, एक बाटली किती वेळ पुरेल?

दीड, दीड आणि एक

अमेरिकेत डेथ व्हॅली नावाचे वाळवंटातले राष्ट्रीय उद्यान आहे. नावाचा अर्थच 'मृत्यूची दरी'. १९१३ साली तेथे ५६.७ अंश तापमान नोंदले गेले. जगातला तो उच्चांक मानतात. तेथे येणाऱ्या माणसाला सांगतात की, दिवसाला निदान चार लिटर पाणी जवळ ठेवा. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर डोंगर-दरीत पायी फिरू नका, असेही बजावतात.

आम्ही माहुलीसाठी हाच चार लिटरचा आकडा धरला. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे पाठीवर चार किलो ओझे होते. नवा माणूस कुरकुरतो. पण हे ओझे असे आहे की ते दर तासाला हलके होते.

चार लिटरची वाटणी अशी करायची :

चढताना दीड लिटर.
उतरताना दीड लिटर.
राखीव एक लिटर.

चढण्याचे दीड लिटर चढतानाच प्यायचे. तहान लागेपर्यंत थांबायचे नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट घ्यायचे. एकदम ढसाढसा प्यायचे नाही. आणि हे दीड लिटर संपले, की जेथे असाल तेथून परत फिरायचे. गडाचा दरवाजा समोर दिसत असला तरी फिरायचे. कारण उरलेल्यात उतरण्याचे पाणी आहे, आणि उतरण्याच्या पाण्याला चढताना हात लावायचा नाही. ते परतीचे पाणी.

राखीव एक लिटर आपल्यासाठी नसते. ते सोबत्यासाठी असते. आम्ही बारा जण असलो तर राखीव पाणी बारा लिटर होते. कोणाची बाटली फुटली, कोणाला चक्कर आली, कोणी वाट चुकलेला भेटला, तर ते उपयोगी पडते. एकट्याने गेलेल्या माणसाजवळ राखीव एकच लिटर असते. गटाचे बळ असे असते.

नुसते पाणी पिऊन भागत नाही. घामाबरोबर मीठही जाते. म्हणून शिदोरीत भाकरी, चटणी, लोणचे, शेंगदाणे, गूळ, केळी असावीत. आमच्या मावशी घरूनच मीठ-साखरेची पुडी बांधून आणतात. एक लिटर स्वच्छ पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण. चमचा चहाचा. मीठ जास्त घालू नये. ते अपाय करते. दारू पिऊन तर डोंगरावर पाऊलही ठेवू नये.

सगळ्यांत हळू चालणारा कोण?

गट किती वेगाने चालतो? कोणी म्हणेल, पुढचा चालतो तितक्या वेगाने. हे खोटे आहे. गटाचा खरा वेग म्हणजे सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसाचा वेग. बाकीचे पुढे पळाले तर तो गट राहात नाही. ती माणसांची पांगापांग होते.

म्हणून आम्ही हळू चालणाऱ्याला मागे ठेवत नाही. त्याला पुढून दुसरा चालवतो. त्याच्या पुढे वाट जाणणारा असतो. पायथ्याच्या गावातला वाटाड्या मिळाला तर फारच चांगले. त्याला त्याची मजुरी आधी ठरवून द्यावी. जंगल त्याला घरासारखे माहीत असते. वाट कोठे फुटते, मोहोळ कोठे आहे, हे त्याला विचारावे. सगळ्यांच्या शेवटी एक जाणता माणूस ठेवावा. त्याने कोणालाही मागे सोडायचे नाही.

हळू माणसाला मागे ठेवले तर काय होते, माहीत आहे? पुढचे लोक सावलीत बसून दम खातात. हा धापा टाकत तेथे पोचतो. तो पोचला की बाकीचे म्हणतात, "चला, उठा!" म्हणजे ज्याला विसाव्याची जास्त गरज, त्यालाच विसावा नाही. हा अन्याय आहे, आणि धोकाही आहे.

प्रत्येक थांब्यावर आम्ही आकडे म्हणतो. एक, दोन, तीन... बारा. बारावा आवाज आला की पुढे निघतो. आवाज आला नाही तर कोणीही हलत नाही.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. एका वर्षी माघ सरत आला असताना आम्ही माहुलीला निघालो. एक तरुण पोरगा पहिल्यांदाच आला होता. हमालीचे काम करणारा, अंगाने मजबूत. पाणी चार लिटर बरोबर आणले होते. पण तो पीत नव्हता. "काका, पाणी वाचवतोय," म्हणाला. चढ संपत आला. वर लोखंडी शिडी दिसू लागली. शिडी चढली की गड. तेवढ्यात मावशींचे लक्ष गेले. पोरगा बोलेनासा झाला होता. पाऊल अडखळत होते. विचारले तर म्हणे, "डोकं दुखतंय. काही नाही."

आम्ही त्याला सावलीत बसवले. चपला-बूट काढले, शर्टाची बटणे सोडली. कपाळावर, मानेवर ओला रुमाल ठेवला, टोपीने वारा घातला. मीठ-साखरेचे पाणी घोटघोट पाजले. अर्ध्या तासाने त्याला तरतरी आली. तो म्हणाला, "आता चढतो मी."

सगळ्यांनी परत फिरायचे ठरवले. एक जण मात्र चिडला. "शिडी समोर दिसतेय! आमचा दिवस फुकट घालवायचा का? दोघं जण त्याला घेऊन खाली जा, बाकीचे वर जाऊ."

मावशी त्याला म्हणाल्या, "शिडी पुढच्या वर्षीबी हितंच असंल, दादा. पोराचं काय सांगावं?"

कोणी पुढे काही बोलले नाही. बाराही जण खाली उतरलो. पोरगा शेवटपर्यंत आपल्या पायांनी चालला.

यातून दोन गोष्टी कळतात. पाणी बाटलीत वाचवून उपयोग नाही. चढण्याचे पाणी चढताना पोटात गेलेच पाहिजे. आणि दुसरे, गडाला घाई नसते. तो शेकडो वर्षे उभा आहे.

ऊन बाधल्याची खूण

ऊन सहसा एकदम बाधत नाही. ते बहुधा आधी खुणा दाखवते. त्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिल्या खुणा : पायांत गोळे येतात. डोके दुखते. चक्कर येते. मळमळते. फार घाम येतो. लघवी थोडी आणि पिवळी होते. अशा वेळी लगेच थांबावे, सावलीत बसावे, पाणी प्यावे, अंग गार करावे. त्या दिवशी पुढे चढू नये.

मोठ्या धोक्याच्या खुणा : माणूस असंबद्ध बोलतो. तोल जातो. ओळखत नाही. झटके येतात किंवा शुद्ध हरपते. अंग भट्टीसारखे तापते. याला उष्माघात म्हणतात. यात जीव जाऊ शकतो. येथे एक मिनिटही दवडू नये. माणसाला सावलीत निजवावे. अंगावर पाणी ओतावे, जोराने वारा घालावा. मान, काखा, जांघा येथे ओली फडकी ठेवावीत. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनळीत जाते. एकाने वारा घालावा, दुसऱ्याने १०८ क्रमांकावर फोन करावा. ही सरकारी रुग्णवाहिका आहे, पैसे पडत नाहीत. फोन लागत नसेल तर दोघांनी मिळून खाली जाऊन गावात सांगावे. एकट्याला पाठवू नये.

येथे कोणी विचारील, सगळे पाणी त्याच्या अंगावर ओतले तर आपण काय प्यायचे? त्यासाठीच ते राखीव बारा लिटर असतात.

जंगल कोणाचे?

माहुलीचा डोंगर तानसा अभयारण्याच्या मुलखात येतो. हे अभयारण्य तीनशे चौरस किलोमीटरांहून मोठे आहे. १९७० साली ते जाहीर झाले. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांत थोडा फरक आहे. दोन्ही ठिकाणी शिकारीला बंदी असते. राष्ट्रीय उद्यानात नियम अधिक कडक असतात, तेथे गुरेही चारता येत नाहीत. अभयारण्यात आजूबाजूच्या लोकांना काही हक्क राखून ठेवता येतात. आपल्याला जवळचे राष्ट्रीय उद्यान म्हणजे बोरिवलीचे संजय गांधी उद्यान. त्याची एक बाजू ठाण्याला लागते.

या तानसाच्या जंगलात रानपिंगळा राहतो. हा लहानसा घुबडाच्या जातीचा पक्षी आहे. १८८४ नंतर तो कोणाला दिसलाच नाही. सगळे म्हणू लागले, ही जात संपली. आणि ११३ वर्षांनी, १९९७ साली, तो नंदुरबारकडे शहाद्याजवळ पुन्हा दिसला! पुढे २०१४ साली तो तानसाच्या जंगलातही सापडला. आपल्या घरापासून लोकलने तासाभराच्या वाटेवर असे धन आहे. ते राखायचे असेल तर पाहुण्याने पाहुण्यासारखे वागले पाहिजे.

वनखात्याच्या चौकीवर नोंद करावी, फी असेल ती भरावी. वाट सोडून रानात शिरू नये. माघापासून गवत वाळून कोळ झालेले असते. विडीच्या एका थोटकाने डोंगर पेटतो. म्हणून आम्ही आगपेटी नेतच नाही. कड्यांवर आग्या मोहोळ असते. तेथे आरडाओरडा करू नये, धूर करू नये, अत्तर लावून जाऊ नये. रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात. भरलेली बाटली वर नेता येते, मग रिकामी खाली आणायला काय जड आहे?

घरी ठेवायची चिठ्ठी

तुम्ही लिहायला शिकलात. त्याचा येथे उपयोग करा. निघताना घरी एक चिठ्ठी ठेवा. आम्ही ठेवतो ती अशी असते :

'माहुली गडावर जात आहोत. आसनगावहून. माणसे १२. सकाळी ७ वाजता पायथा सोडणार. सकाळी ११ वाजता जेथे असू तेथून परत फिरणार. संध्याकाळी ६ पर्यंत शहाडला. ८ पर्यंत आलो नाही, फोनही आला नाही, तर ११२ ला कळवा.' खाली बारा जणांची नावे.

चार ओळींची चिठ्ठी. पण माणूस अडकला तर शोधणाऱ्याला कोठे शोधायचे ते कळते. नाही तर सह्याद्रीत शोधायचे कोठे?

या चिठ्ठीत सगळ्यांत महत्त्वाचा आकडा कोणता? सकाळचे ११. पोचण्याची वेळ आम्ही लिहीत नाही. परत फिरण्याची वेळ लिहितो. उतरताना दम कमी लागतो, पण तेव्हा ऊन डोक्यावर असते, गुडघे थकलेले असतात आणि सुटी माती पायाखालून सरकते. म्हणून उतरायला वेळही राखून ठेवावा लागतो. पाण्यासारखाच.

सहलीचा महिनाही नीट निवडावा. कार्तिकापासून माघापर्यंत जाणे चांगले. होळीनंतर माहुलीला जाऊ नये. पावसाळ्यात दगड निसरडे होतात, ओढे अचानक भरतात. त्या दिवसांत नवख्यांनी पायथ्यावरच समाधान मानावे. कपडे सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे असावेत. डोक्याला टोपी किंवा पदर असावा. पायांत पकड असलेले बूट असावेत.

इतका हिशेब केल्यावर मजा राहते का, असे आम्हांला पुष्कळ जण विचारतात. राहते तर! उलट हिशेब केला म्हणूनच मजा येते. ज्याच्या पिशवीत परतीचे पाणी आहे, तो निवांत बसतो. त्याला महादरवाजाच्या पायऱ्या पाहता येतात. पहारेकऱ्यांच्या देवड्यांत बसून वारा खाता येतो. खाली तानसाचे पाणी चमकताना दिसते. पलीकडे कसाऱ्याकडचे डोंगर दिसतात. ज्याची बाटली रिकामी झाली, त्याला यातले काही दिसत नाही. त्याला फक्त बाटली दिसते.

तेव्हा येत्या हिवाळ्यात तुम्हीही जरूर जा. पाच-दहा जण मिळून जा. आदल्या रात्री सगळ्यांच्या बाटल्या एका जागी मांडा आणि मोजा. बारा माणसे, प्रत्येकी चार लिटर. किती झाले? अठ्ठेचाळीस. एक लिटर कमी भरला, तरी तो भरल्याशिवाय दार ओढू नका.